पाच वर्षांची वाट : रेव्हरंड टिळक आणि आपले तीन प्रश्न

आजचं वाचन : १ करिंथ ७:१२-१६, इब्री १०:२४-२५, योहान ४:२१-२४



तरुण विश्वासणाऱ्यांशी बोलताना तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला, नवरा किंवा बायको विश्वासात नसेल तर काय करायचं? दुसरा, दर रविवारी चर्चला जायलाच हवं का, घरी मोबाइलवर उपासना ऐकली तर चालत नाही का? आणि तिसरा, खरी उपासना कशाला म्हणायचं? गिटार असली म्हणजे खरी, की जुनी गीतं म्हटली म्हणजे खरी?

नियमांची यादी देऊन या प्रश्नांची उत्तरं देता येतील, पण आज एका माणसाचं आयुष्य पाहू. रविवारी आपण ज्यांची गीतं गातो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्याबरोबर लक्ष्मीबाईंचंही आयुष्य पाहायला हवं, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्याकडे आहे.

प्रवासात मिळालेलं पुस्तक

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात, चित्पावन ब्राह्मण घरात झाला. आई लहानपणीच गेली आणि वडिलांचा स्वभाव कडक होता. मुलगा घराबाहेर पडला, नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. कविता करायची, कीर्तन-प्रवचनात रमायचं, एका ठिकाणी फार काळ टिकायचं नाही असा त्यांचा स्वभाव होता. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. देशावर जिवापाड प्रेम. आपला देश उभा राहायचा तर त्याला जिवंत धर्म हवा, जातीपातीने तो तुटून चालणार नाही, हा विचार त्यांच्या मनात सारखा चालू असे.

१८८० मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय साधारण अकरा-बारा वर्षांचं. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचं इतकं कडक वातावरण होतं की वडील बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊनच घरात घेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे काय झालं ते समजायला ती लागेल.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. दोघांनी एकमेकांची नावंही विचारली नाहीत. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणारा डोंगरावरचा उपदेश आला आणि ते तिथेच अडकले. वर्षानुवर्षं जे शोधत होते ते इथे आहे असं त्यांना वाटलं. मग मुंबईचे मिशनरी जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पत्नीची या निर्णयाला संमती नव्हती.

पहिला प्रश्न : घरात एकटाच विश्वासात असेन तर?

चर्चमध्ये साक्ष सांगताना आपण बाप्तिस्म्याच्या दिवशी थांबतो, टाळ्या वाजतात. टिळकांच्या घरात त्या दिवशी काय झालं? लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. नवरा जिवंत असून त्या नवऱ्यावाचून झाल्या. पदरात चारेक वर्षांचा मुलगा दत्तू. त्या काळातली ब्राह्मण स्त्री, स्वतःची कमाई नाही. त्यांना नातेवाइकांच्या आधाराने राहावं लागलं, त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. हे सगळं त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलं आणि नवऱ्याची चूक जिथे दिसली तिथे ती झाकली नाही.

म्हणून आपणही टिळकांना संत बनवून मोकळं होऊ नये. ते रागीट होते, लहरी होते, हातात पैसा टिकत नसे, घरी न सांगता निघून जात. ख्रिस्ती होण्याआधीही तसेच होते आणि बाप्तिस्म्याने एका दिवसात स्वभाव बदलला नाही. त्यांचा विश्वास खरा होता आणि त्या विश्वासाची किंमत पहिल्यांदा बायकोने मोजली, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. आज कोणी 'मी प्रभूसाठी सगळं सोडलं' असं म्हणत असेल तर त्या 'सगळ्या'त कोण कोण माणसं होती, हेही विचारायला हवं.

आता पुढचा भाग. १८६६ पासून या देशात एक कायदा होता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने त्याला टाकलं असेल, त्याला त्या कायद्याने कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांपुढे कायदेशीर वाट मोकळी होती. अहमदनगरला ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकवण्याचं काम मिळालं होतं, नवा समाज मिळाला होता. नवा संसार मांडणं अवघड नव्हतं.

त्यांनी तसं केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, गद्यात लिहिली, कवितेत लिहिली. लक्ष्मीबाईंना ते पत्नीच मानत राहिले. पुढे त्या मुलाला घेऊन नगरला आल्या तेव्हाही हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचा स्वयंपाक, त्यांचं पाणी, त्यांचं सोवळं त्यांच्या पद्धतीने चालू राहिलं. एरवी शीघ्रकोपी असलेल्या या माणसाने इथे मात्र घाई केली नाही. आजूबाजूला मिशनची वस्ती, शेजारी ख्रिस्ती, नवरा उपदेशक आणि त्याची बायको मात्र त्यांच्या हातचं पाणी पीत नाही. लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा.

करिंथकरांना लिहिताना पौल नेमकं हेच सांगतो. विश्वास न ठेवणारा जोडीदार बरोबर राहायला राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये. आणि सोळाव्या वचनात तो प्रश्न विचारतो, जोडीदाराचं तारण तुझ्यामुळे होईल की नाही हे तुला कुठे ठाऊक आहे? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात तारणाची हमी नाही, तरीही बरोबर राहायला सांगितलं आहे. बायको ख्रिस्ती होणारच म्हणून टिळक थांबले असते तर तो एक प्रकारचा सौदा झाला असता. ती बायको आहे म्हणून ते थांबले.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या कोणाच्या वादविवादाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि स्वतःच उत्तराला पोचल्या की हे भेद माणसाने केले आहेत. त्यानंतर कोणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या तयार झाल्या. जिथे वस्तू धुऊन घरात घेत त्या घरातली ही मुलगी! बाहेरून तिला कोणी ओढलं असतं तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण या वचनाचा गैरवापरही होतो. एक, टिळक लग्न झाल्यावर विश्वासात आले. ज्यांचं लग्न व्हायचं आहे त्यांनी 'मी नंतर तिला चर्चला आणीन' किंवा 'लग्न झालं की तो बदलेल' या भरवशावर त्यांचं उदाहरण देऊ नये. दुसऱ्या करिंथच्या सहाव्या अध्यायात विजोड जुवाबद्दल जे लिहिलंय ते आधी प्रार्थनेत वाचा आणि पाळकांशी मोकळेपणाने बोला. दोन, थांबणं म्हणजे मार खात राहणं नाही. घरात हिंसा असेल तर सुरक्षित जागी जा, मदत मागा, पोलिसांकडे जावं लागलं तर जा. पौल शांतीसाठी बोलावलेल्या माणसांबद्दल लिहितोय, हे पंधराव्या वचनात आहे.

आणि ज्यांचा जोडीदार आज रविवारी सकाळी घरी झोपलेला असतो त्यांच्यासाठी एवढंच. त्याला टोमणे मारू नका. स्टेटसला वचन टाकून अप्रत्यक्ष उपदेश करू नका. लक्ष्मीबाईंचं सोवळं टिळकांच्या घरात राहू शकलं. तुमच्या घरात तुमच्या माणसाला तेवढी जागा आहे का?

दुसरा प्रश्न : चर्चला जायलाच हवं का?

बऱ्याच जणांची तक्रार खरी असते. उपदेश लांबतो, गटबाजी असते, कोणी विचारत नाही, कमिटीत भांडणं चालतात. मग वाटतं, घरी बसून चांगला संदेश ऐकू, तेच बरं.

टिळकांच्या तक्रारी याहून मोठ्या होत्या. त्यांना दिसत होतं की इथली मंडळी परदेशी पैशावर उभी आहे. नावं, कपडे, चाली परक्या आहेत. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच गावात उपरा होतोय. ज्या तुकोबांच्या अभंगांतून वाट काढत आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत, त्या अभंगाला चर्चमध्ये जागा कमी होती. त्यांनी हे लिहून, बोलून, भांडून सांगितलं.

पण तक्रार करून ते घरी बसले नाहीत. जे कमी आहे ते आपण आणायचं असं त्यांनी ठरवलं. मंडळीला मराठी गीतं हवीत, तर गीतं लिहिली, शेकडोंनी. 'उपासना संगीत' उघडून बघा, किती गीतांखाली त्यांचं नाव आहे ते दिसेल. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात त्यांच्या आधी अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव सांगळे यांनी केली होती, ती परंपरा टिळकांनी पुढे नेली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन केलं. १८४२ साली नगरला सुरू झालेलं हे मंडळीचं पत्र होतं. त्यातून ते मंडळीला रागावत आणि समजावत राहिले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे एका कुटुंबासारखे यावेत ही कल्पना होती. कोणी म्हणेल, बघा, त्यांनीही शेवटी चर्च सोडलंच की! तसं नाही. त्यांनी पगार सोडला आणि दार आणखी मोठं केलं. एकटं राहण्यासाठी नाही, जास्त माणसांबरोबर राहण्यासाठी. दरबार म्हणजे माणसं लागणारच. एकट्याचा दरबार कसा भरणार?

इब्रीकरांचं पत्र वाचताना आपण 'एकत्र येणं सोडू नका' एवढंच लक्षात ठेवतो. त्याच्या आधीच्या ओळीत कारण आहे. एकमेकांना प्रीतीसाठी आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन द्यायचं, म्हणून एकत्र यायचं. चर्चमध्ये मला काय मिळालं हा आपला नेहमीचा हिशोब असतो, पण या वचनात विचारलंय ते माझ्यामुळे कोणाला काय मिळालं ते. मोबाइलवर संदेश ऐकायला काहीच हरकत नाही. आजारी माणसाला, लांब नोकरीला असलेल्याला तो मोठा आधार आहे. पण व्हिडिओमध्ये शेजारच्या बाकावर कोणी बसत नाही. तिथे तुम्ही कोणाला हात देऊ शकत नाही आणि प्रभुभोजनाची भाकर कोणाबरोबर मोडू शकत नाही.

टिळकांच्या घराकडेच बघा ना. तिथे माणसांची वर्दळ असे. दुष्काळात पोरकी झालेली मुलं आली. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले, ते काही ख्रिस्ती नव्हते. लक्ष्मीबाई या सगळ्यांना जेवू घालत, आजाऱ्यांची सेवा करत. एकत्र येणं म्हणजे काय हे त्या घरात रोज दिसत होतं. तुमचं चर्च तुम्हाला कोरडं वाटत असेल तर पुढच्या रविवारी दहा मिनिटं लवकर जा आणि एकटं बसलेल्या एका माणसाशेजारी बसा. सुरुवात एवढ्यानेही होते.

तिसरा प्रश्न : खरी उपासना कोणती?

शोमरोनी स्त्रीने येशूला विचारलं होतं की उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत. जागेचा प्रश्न होता. येशूने उत्तर जागेचं दिलं नाही. पित्याला आत्म्याने आणि खरेपणाने भजणारे हवे आहेत, अशा अर्थाचं त्याने सांगितलं. आपण आज तोच प्रश्न वाद्यांबद्दल विचारतो. की-बोर्ड की पेटी, ड्रम की तबला, इंग्रजी गाणी की मराठी?

टिळक भजनाच्या बाजूने होते हे उघड आहे. पण त्यांचं कारण समजून घ्यायला हवं. भजन जुनं आहे म्हणून पवित्र, असं ते मानत नव्हते. माणूस ज्या भाषेत रडतो, लहान बाळाशी बोलतो, संकटात ज्या भाषेत हाक मारतो, त्या भाषेत त्याने देवाला हाक मारावी असं त्यांना वाटे. नाहीतर ओठ एकीकडे आणि मन दुसरीकडे जातं. त्यांच्या गीतांत येशू परका साहेब नाही. तो आईसारखा आहे, गुरू आहे, सखा आहे. मराठी माणूस विठ्ठलाला ज्या जवळिकीने हाक मारतो, तीच जवळीक त्यांनी ख्रिस्ताशी धरली.

मग ज्या मुलामुलींचं शिक्षण इंग्रजीत झालंय, ज्यांना इंग्रजी गाण्यांतच डोळ्यांत पाणी येतं, त्यांची उपासना खोटी का? मुळीच नाही. टिळकांचाच नियम लावला तर जी भाषा तुमच्या मनाची ती तुमची उपासनेची. फक्त स्वतःला एक विचारा. हे गाणं मी देवासमोर गातोय की मला असं गाताना बघून बरं वाटतंय म्हणून? आणि आजी ज्या गीतावर डोळे मिटते ते गीत लागलं की मी फोन बाहेर काढतो का? खरेपणा दोन्हीकडे तपासला जातो.

खरेपणाची आणखी एक परीक्षा आहे आणि ती रविवारी होत नाही. टिळकांची गीतं गोड आहेत, पण त्या गीतांमागे ती पाच वर्षं आहेत. ज्या बायकोला आपल्या विश्वासाने दुखावलं तिला पत्रं लिहीत राहणं, ती येईपर्यंत दार उघडं ठेवणं, तिला तिच्या गतीने येऊ देणं, हेही त्यांच्या उपासनेत मोजायला हवं. आणि लक्ष्मीबाईंनी रागाच्या, अपमानाच्या दिवसांतही जो प्रामाणिक शोध घेतला, पटल्याशिवाय मान डोलावली नाही, तेही खरेपणात मोजायला हवं. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला असता तर ती खरी उपासना झाली असती का?

शेवट

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. वय ५७. ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहायला त्यांनी घेतलं होतं, ते 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी ख्रिस्ताच्या नावामुळे ज्यांचा संसार मोडला होता, शाळेचं शिक्षण ज्यांना मिळालं नव्हतं, त्या बाईंनी नवऱ्याने अर्धवट सोडलेलं ख्रिस्ताचं चरित्र पुढे रचलं, अध्यायामागून अध्याय. त्यांचा मृत्यू १९३६ साली झाला.

टिळकांनी १८९६ मध्ये किंवा १८९७ मध्ये कंटाळून ती वाट बंद केली असती तर? 'स्मृतिचित्रे' वेगळी झाली असती, 'ख्रिस्तायन' कोणी पुढे नेलं असतं कोणास ठाऊक. तेव्हा टिळकांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते एवढंच की लग्नात दिलेला शब्द बाप्तिस्म्याने रद्द होत नाही.

आज विचार करण्यासाठी

१. माझ्या विश्वासाची किंमत घरातलं दुसरं कोणी मोजतंय का? त्या व्यक्तीशी मी शेवटचं नीट कधी बोललो?

२. मंडळीत जे कमी वाटतं, त्यातलं एक तरी मी स्वतः आणू शकतो का?

३. माझ्या मनाची भाषा कोणती? त्या भाषेत मी देवाशी आज बोललो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी थांबलास, आम्ही तयार नव्हतो तेव्हाही. आमच्या घरातल्या ज्या माणसांना तू अजून परका वाटतोस त्यांच्यासाठी आम्हाला धीर दे. आमच्या बोलण्यातले टोमणे काढून टाक. आमच्या मंडळीवर आम्हाला प्रीती करायला शिकव, तिच्या उणिवांसकट. रविवारी ओठांवर असतं ते सोमवारी आमच्या घरात दिसू दे. ज्यांच्या घरात आज भीती आहे त्यांना तू सुरक्षित जागी ने. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.